थेटरातली बायकांची बाजू



गटांच्या बैठकांतून आमच्याकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो. हातातल्या मोबाईलवर सगळे सिनेमे दिसतात, मग तालुक्याला जाऊन, तिकिटाला पैसे मोजून थेटरात बसण्यात आता काही राम उरलाय का? प्रश्न साधा आहे, पण नुसती बेरीज-वजाबाकी करून त्याचं उत्तर मिळत नाही. कारण बाईमाणसानं थेटरात जाऊन बसायचं, ही गोष्ट एकेकाळी मुळीच सोपी नव्हती. ती जागा आपल्याला कशी मिळाली ते आधी बघू. मग ती ठेवायची की सोडायची ते ज्याच्या त्याच्या गटानं ठरवावं.

आपल्या देशात हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली ती मुंबईत, वॉटसन हॉटेलात. तारीख ७ जुलै १८९६. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची माणसं तो खेळ घेऊन आली होती आणि तिकीट होतं एक रुपया. तेव्हा एक रुपया कमवायला मजुराला कित्येक दिवस राबावं लागे. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे पुढे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले आणि जाहिरातीत सांगितलं की पडदानशीन बायका आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स आहेत. म्हणजे बघा, सिनेमा नुकता कुठे आला होता, तोवरच बायकांना आत कसं आणायचं याचा विचार धंदेवाल्यांनी केला होता. बॉक्स अर्थातच पैसेवाल्या घरच्या बायकांसाठी. मोलमजुरी करणारीला ना पडदा होता ना बॉक्स.

आता सरस्वतीबाईंची गोष्ट सांगतो. सरस्वतीबाई म्हणजे दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी. १९११ साली दादासाहेबांनी गिरगावात, थोरल्या मुलाला बरोबर घेऊन, सिनेमाचा खेळ पाहिला. घरी येऊन सांगू लागले की पडद्यावर जनावरं चालतात, पळतात. घरात कुणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना घेऊन गेले. तेव्हा ईस्टरचे दिवस होते, म्हणून येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचं चित्र लागलं होतं. ते बघता बघता फाळक्यांच्या मनात आलं की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील? ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतूनही येते. पण तिथे फाळके असतात आणि सरस्वतीबाई एका वाक्यात संपतात.

खरं तर सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मच्या पट्टीच्या कडेला भोकं पाडायचं काम अंधारात बसून करायचं असे, ते त्या शिकल्या. पट्टी धुवायला शिकल्या. चित्रण चालू असताना ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पडद्यावर मात्र एकही बाई नव्हती. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं होतं. ते आधी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होते. कुठल्याही घरची बाई सिनेमात यायला तयार होईना, म्हणून ही वेळ आली.

ही कोंडी फोडली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी. फाळक्यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रात आई पार्वती झाली आणि लेक मोहिनी. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. दुर्गाबाई एकट्या लेकीला वाढवत होत्या, नाटक मंडळीत काम करून पोट भरत होत्या. त्यांना लोकलाज परवडणारी नव्हती. पहिल्या बायका अशाच येतात, मग ते कुठलंही काम असो.

गावाकडे सिनेमा आला तो तंबूतून. दिवाळी सरली, सुगी आटोपली की जत्रांचा हंगाम सुरू होतो. त्या हंगामात टुरिंग टॉकीजवाले ट्रकमध्ये मशीन, तंबू, पडदा, जनरेटर घालून एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. दिवसा तंबूत उजेड, त्यामुळे खेळ अंधार पडल्यावरच. दिवसभर भोंग्यावरून पुकारा चाले. खाली जमिनीवर बसायचं, घरून आणलेलं पोतं नाहीतर घोंगडी अंथरायची, शेंगा फोडत बघायचं. बऱ्याच तंबूंत मधोमध दोर नाहीतर कनात असे. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बायका.

हा दोर म्हणजे बंधन होतं की सोय? आम्हाला वाटतं, दोन्ही. बायांना वेगळं बसवलं हे खरं. पण त्या दोरामुळेच कितीतरी सासवांनी सुनांना जाऊ दिलं हेही खरं. जत्रेला देवाच्या नावानं निघता येई आणि देवाचं दर्शन झालं की तंबूकडे वळता येई. शहरातल्या बायकांना दुपारचा तीन ते सहाचा खेळ मिळाला, कारण जेवणं उरकल्यापासून दिवेलागणीपर्यंत मधे तेवढीच मोकळीक. शेतावर राबणारीला तीन ते सहा कुठली? तिचा थेटरातला वेळ म्हणजे वर्षातली एक जत्रा.

त्या तंबूत काय बघितलं बायांनी? दोन चित्रांबद्दल जरा सविस्तर बोलू. दोन्ही प्रभात कंपनीची. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली.

पहिलं ‘संत तुकाराम’, १९३६ सालचं, दामले आणि फत्तेलाल यांचं. मुंबईत ते वर्षभराहून जास्त चाललं, १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि गावोगावच्या तंबूंत पुढे कित्येक वर्षं फिरत राहिलं. लोक पडद्याला हात जोडत. तुकोबांचं काम केलेल्या विष्णुपंत पागनीसांना लोक संतच मानू लागले. पण आम्हाला विचाराल तर ते चित्र जिजाईचं आहे. ते काम गौरी नावाच्या नटीनं केलं. नवरा भजनात दंग, घरात दाणा नाही, पोरगं तापानं फणफणलेलं. जिजाई त्या पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारते. ज्या बायकांनी जन्मभर देवापुढे फक्त पदर पसरला, त्यांनी शेकडो माणसांत बसून हे बघितलं. कुणी उठून गेलं नाही, कुणाचा धर्म बुडाला नाही. जिजाई कजाग आहे असं कीर्तनात ऐकलं होतं. ती उपाशी पोरांची आई आहे हे पडद्यावर दिसलं.

दुसरं ‘कुंकू’, १९३७ सालचं, व्ही. शांताराम यांचं. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून केलेलं. नीरा या तरुण मुलीचं लग्न मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. जरठ-बाला विवाह म्हणत त्याला, आणि त्या काळात त्यात फारसं वावगं कुणाला वाटत नसे. नीरा पळून जात नाही, जीवही देत नाही. ती त्याच घरात राहते आणि या लग्नाला नवरा-बायकोचं नातं मानायला नकार देते. शांता आपटे यांनी ती नीरा उभी केली. तिच्या पाठीशी कोण उभं राहतं? त्या म्हाताऱ्याचीच समाजकार्य करणारी मुलगी. हे काम शकुंतला परांजपे यांनी केलं, आणि पडद्याबाहेरही या बाईंनी संततिनियमनाच्या प्रचाराचं काम त्या काळात केलं, जेव्हा तो शब्द उच्चारायची चोरी होती. पुढे त्या राज्यसभेत गेल्या.

घरात बसून एकट्या बाईनं ‘नाही’ म्हणणं वेगळं आणि भरल्या थेटरात शंभर बायकांनी एकदम ते ‘नाही’ ऐकणं वेगळं. थेटराचं मोल आम्हाला इथे दिसतं. शेजारणीचा श्वास कुठे अडकला ते कळतं. आपल्याला वाटलं तेच तिलाही वाटलं, हे न बोलता समजतं.

आता लगेच सरळ वर चढत जाणारी गोष्ट सांगायची आमची तयारी नाही, कारण ती तशी घडलेली नाही. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला. ‘शोले’चंच वर्ष. थोड्या पैशात काढलेलं चित्र, पण बायकांनी ते डोक्यावर घेतलं. थेटराच्या दारात चपला काढून आत जायचं, पडद्यावर देवी आली की फुलं आणि नाणी उधळायची, आरती करायची. शुक्रवारचं व्रत घरोघर गेलं. त्यावर हसणारे पुष्कळ होते. पण एवढ्या बायका नवऱ्याशिवाय, आपापल्या मैत्रिणींबरोबर थेटरात बसल्या, हेही त्या व्रतानंच घडवलं.

मग १९९१ साली ‘माहेरची साडी’. हे नाव काढलं की पन्नाशीच्या पुढच्या बाया अजून डोळ्याला पदर लावतात. विजय कोंडके यांचं दिग्दर्शन, अलका कुबल लक्ष्मीच्या कामात. एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली कथा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून, ट्रक करून बाया तालुक्याला गेल्या. कित्येकींनी आयुष्यात पहिल्यांदा थेटराची पायरी चढली ती या सिनेमासाठी. एक गेली म्हणून दुसरी गेली, लेकीनं आईला नेलं, आईनं जावेला.

या चित्राबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. लक्ष्मी सोसते, सोसते आणि सोसतच राहते. ‘कुंकू’तली नीरा चौपन्न वर्षं आधीची, पण तिच्या पाठीला कणा होता. १९९१ साली हुंडाबळीच्या बातम्या रोज छापून येत असताना, मुकाट सोसणारी सून आदर्श म्हणून दाखवणं आम्हाला पटत नाही. तरीही त्या चित्राला नाक मुरडून आम्ही पुढे जाणार नाही. एवढ्या बायका इतक्या मोकळेपणी आणि इतक्या एकदम दुसरीकडे कुठे रडल्या होत्या? घरात रडायला मोरी होती, नाहीतर चुलीचा धूर. थेटरात तिकीट काढून, मान वर करून रडता आलं. आणि परतताना ट्रॉलीत बसून ज्या गोष्टी निघाल्या असतील, त्या कुठल्याच पटकथेत नव्हत्या.

याच सुमाराला सिनेमा घरात शिरला होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९८७ साली ‘रामायण’ लागलं तेव्हा रविवारी सकाळी गावं ओस पडत. मग व्हिडिओ, मग केबल, मग छत्र्या, आणि २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट. घराघरात पडदा आला, फार चांगलं झालं. पण घरच्या पडद्यापुढे बाई कुठे असते ते आठवा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. एक कान मालिकेकडे, एक कान कुकरच्या शिट्टीकडे. मध्येच कुणीतरी म्हणतं, चहा ठेव. मोबाईल तर त्याहून वाईट, कारण तो बहुतेक घरात तिचा नसतोच. पोरगा अभ्यासाचं कारण सांगून घेऊन जातो. थेटरात अंधार झाला की तीन तास कुणी तिला चहा ठेव म्हणू शकत नाही. आमच्या मते थेटरानं बायकांना दिलेली सगळ्यात मोठी चीज ही, सिनेमा त्यानंतर.

इकडे थेटरांचं काय झालं? शहरात मॉलमधली चकचकीत मल्टिप्लेक्स आली आणि तालुक्याची एकपडदा थेटरं एकामागून एक बंद पडत गेली. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोदाम, कुठे नुसताच मोकळा प्लॉट. रिळं जाऊन डिजिटल यंत्रं आली, ती घेणं छोट्या मालकांना जड गेलं. तंबूवाल्यांचं तेच. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांबरोबर वर्षानुवर्षं फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात हे मोडत चाललेले तंबू बघायला मिळतात. मग मार्च २०२० मध्ये करोनानं उरलीसुरली थेटरंही बंद केली. आपल्या राज्यात ती कायमची म्हणून उघडली २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. तोवर लोकांना घरी बघायची सवय लागली होती.

करोनाच्या आधी, २०१६ सालीच, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ येऊन गेला होता. त्याचा शेवट ज्यांनी थेटरात बघितला त्या विसरणार नाहीत. शेवटी आवाज बंद होतो, रडणंसुद्धा ऐकू येत नाही, आणि शिट्ट्या मारून मारून घसा बसवलेली पोरं गप्प होतात. त्या शांततेत आयाही बसल्या होत्या आणि भाऊही. मोबाईलवर तीच शांतता आली की बघणाऱ्याला वाटतं रेंज गेली.

आणि मग ३० जून २०२३. ‘बाईपण भारी देवा’. केदार शिंदे यांचं चित्र. सहा बहिणी, मंगळागौरीच्या स्पर्धेची तयारी, एकमेकींवरचे जुने राग. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. म्हणायला यात ना मारामारी, ना मोठा नट. पण भिशी मंडळं आली, महिला मंडळं आली, बचत गट आले. नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्याला गॉगल लावून. खेळ संपल्यावर तिथेच फुगड्या घातल्या. थेटर संपलं असं म्हणणाऱ्यांना बायकांनी उत्तर दिलं ते असं.

त्याच वर्षीची एक गोष्ट मात्र सिनेमाच्या बातम्यांत कुणी जोडून सांगितली नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. सिनेमाला गर्दी त्यामुळे झाली असा दावा आम्ही करत नाही. पण थेटराचा हिशेब तिकीट खिडकीवर सुरू होत नाही, तो गावच्या फाट्यावर सुरू होतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

तर हिशेब. समजा थेटर पंचवीस किलोमीटरवर आहे. जायचं-यायचं अर्धं तिकीट, सिनेमाचं तिकीट, चहा-वडा. वर त्या दिवसाची बुडालेली मजुरी, ती कुणी धरत नाही पण ती धरली पाहिजे. एकटीला हे दोनदा विचार करायला लावणारं आहे. चार माणसांच्या घराला मॉलमधलं थेटर, तिथल्या भावाचे पॉपकॉर्न, हे तर आम्ही सांगणारच नाही. त्या पैशात महिन्याचा किराणा थोडा तरी हलका होतो. म्हणून आमचं मत असं: दर शुक्रवारी लागणाऱ्या प्रत्येक सिनेमासाठी जाणं परवडत नाही, त्याची गरजही नाही. मारामारीचा सिनेमा घरीच बरा. पण वर्षातून एकदा-दोनदा, गटानं मिळून, सुगीनंतर, निवडून एक सिनेमा बघायला जाणं आम्हाला परवडणारं वाटतं. एखाद्या शेजारणीचे पैसे कमी पडत असतील तर ते गटानं समजुतीनं घालावेत, पण बचतीच्या खात्यातून काढू नयेत. त्यासाठी महिन्याला दहा रुपयांचा वेगळा डबा ठेवावा.

जाताना काही गोष्टी ध्यानात असू द्या. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर कमी लागतो, त्यावरच्या तिकिटावर जास्त, त्यामुळे स्वस्त दराचा खेळ कोणता ते आधी विचारा. वीस-पंचवीस जणी असाल तर मालकाला आधी निरोप धाडा. रिकाम्या खुर्च्यांपेक्षा त्यालाही तुम्ही हव्या असता, दर कमी होऊ शकतो. बाहेरचं खाणं आत नेऊ न देण्याचा थेटरवाल्याला अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. पण त्याच वेळी हेही सांगितलं की प्यायचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईला नेऊ दिलं पाहिजे. कुणी अडवलं तर हे शांतपणे सांगा. परतीची शेवटची एस.टी. किती वाजता ते मात्र सिनेमा निवडायच्या आधी बघा.

आणि आमचं एक काम करा. तुमच्या घरात, वाडीत ज्या थोरल्या बाया आहेत त्यांना विचारा की त्यांनी पहिला सिनेमा कुठे बघितला. जत्रेत की तालुक्याला? कुणाबरोबर? घरी काय सांगून निघाल्या होत्या? तंबूत दोर होता की कनात, आणि बायकांची बाजू डावी होती की उजवी? प्रभातचं, फाळक्यांचं सगळं लिहिलेलं आहे. हे कुणी लिहिलेलं नाही. आमच्या ताई रेकॉर्डर घेऊन पुढच्या महिन्यात वाड्यांवर येणार आहेत, तेव्हा त्या आजींना ओट्यावर बसवून ठेवा.